युगांडाला स्वयंसेवक म्हणून निघताना: पूर्वतयारी शिबिराचे शेवटचे चार दिवस कसे वापरावेत

परदेशातील स्वयंसेवेसाठी निवड झाल्यावर संस्थेचे पूर्वतयारी शिबिर बहुधा निघण्याच्या आठवड्यातच ठेवलेले असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरी बॅगा उघड्या पडलेल्या असतात, आत्या-मावशा भेटायला येत असतात आणि डब्यांत चिवडा भरला जात असतो. त्यामुळे बहुतेक जण शिबिराच्या खोलीत बसलेले असले तरी मनाने लक्ष्मी रोडवर फिरत असतात. उत्तर युगांडातील एका आरोग्य प्रकल्पावर मी गेलो तेव्हा माझेही तसेच झाले होते, आणि ज्या तासाला मी मनातल्या मनात चार्जरची यादी करत होतो त्याच तासाला सांगितलेली माहिती मला पुढे तीन महिने कमी पडत राहिली. त्यानंतर निघणाऱ्यांच्या अनेक तुकड्यांबरोबर बसण्याचा योग आला, म्हणून हे लिहीत आहे. सामान राजधानी कंपालात मिळते. पण येथे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळेपर्यंत त्याचा उपयोग संपलेला असतो. म्हणून या चार दिवसांचे मुख्य काम प्रश्न विचारणे हे समजावे. उदाहरण युगांडाचे घेतले असले तरी पूर्व आफ्रिकेतील शेजारी देशांना जाणाऱ्यांनाही यातील बराच भाग लागू पडेल.

जे आधीच झालेले असायला हवे

काही गोष्टी शेवटच्या चार दिवसांत करताच येत नाहीत. त्यांतली पहिली पीतज्वराची लस. युगांडात प्रवेशासाठी पीतज्वर लसीकरणाचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही; ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच घ्यावी लागते आणि मुंबईत बंदर व विमानतळ यांच्या आरोग्य संघटनांची अशी केंद्रे आहेत. ज्यांनी पूर्वी लस घेतली आहे त्यांनी पुन्हा घेण्याची आवश्यकता नाही, कारण जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध मानले जाते. मात्र हे प्रमाणपत्र ज्या पिवळ्या पुस्तिकेत असते तिच्यावरील नाव आणि पासपोर्ट क्रमांक सध्याच्या पासपोर्टशी जुळतो की नाही, हे शिबिराच्या पहिल्याच दिवशी ताडून पाहावे. ही पुस्तिका परतीच्या प्रवासातही तितकीच महत्त्वाची असते: पीतज्वराच्या देशांतून प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

दुसरी गोष्ट व्हिसाची. पर्यटक व्हिसावर जाऊन काम करणे हा कायद्याचा भंग आहे, मग त्या कामाचा मोबदला मिळत असो वा नसो. संस्थेतील कोणी "सध्या पर्यटक म्हणून जा, पुढचे तिकडे पाहू" असे म्हणत असेल, तर तेथील परवान्याचा अर्ज कोण करणार, किती दिवसांत करणार आणि तो नाकारला गेला तर परतीचा खर्च कोणाचा, हे लेखी मागून घ्यावे. डॉक्टर आणि परिचारिकांसाठी आणखी एक पायरी आहे. डॉक्टरांना युगांडा मेडिकल अँड डेंटल प्रॅक्टिशनर्स कौन्सिलकडे आणि परिचारिकांना युगांडा नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. ही नोंदणी झाली नसेल तर पहिले काही आठवडे केवळ निरीक्षणाचे असतील, हे स्वीकारूनच निघावे.

कामाविषयी विचारायचे प्रश्न

शिबिरात कामाचे वर्णन वाचून दाखवले जाते आणि सर्व जण माना डोलावतात. त्या कागदावर "क्षमता विकास", "सहकार्य", "समन्वय" असे शब्द असतात आणि त्यांवरून सोमवारी सकाळी आठ वाजता कोठे जाऊन कोणासमोर उभे राहायचे, हे मुळीच कळत नाही. म्हणून तो कागद समोर ठेवून साधे प्रश्न विचारावेत. माझ्या आधी हे काम कोण करत होते आणि ती व्यक्ती आता कोठे आहे? माझे काम कोण पाहणार, आणि त्या व्यक्तीला मी येणार असल्याचे कोणी सांगितले आहे का? मी गेलो नाही तर कोणते काम अडेल? मी परत आल्यावर ते कोण पुढे चालवणार?

शेवटचे दोन प्रश्न विचारताना संकोच वाटतो, कारण ते विचारणे म्हणजे आपल्या जाण्याविषयीच शंका घेण्यासारखे आहे. तरी विचारावेत. ज्या प्रकल्पात पगारी स्थानिक परिचारिका मिळू शकते तेथे भारतातून फुकट परिचारिका नेणे म्हणजे कोणाची तरी नोकरी घालवणे आहे, आणि हे तेथील कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी दिसत असते. आपल्याला ते कळेपर्यंत वर्ष निम्मे सरते. लहान मुलांच्या संस्थांबाबत तर अधिक सावध राहावे. अनाथाश्रमात ठेवलेल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि दर तीन महिन्यांनी नवा स्वयंसेवक येऊन लळा लावून जाण्याने मुलांचे भले होत नाही. अशा ठिकाणी नेमणूक असेल तर बालसंरक्षणाचे धोरण केवळ सहीपुरते न वाचता शब्दशः वाचावे, आणि मुलांची छायाचित्रे काढण्याविषयी त्यात काय म्हटले आहे ते पाहावे.

पैशाचा विषय आपल्याकडे स्वयंसेवेच्या संदर्भात काढला की तोंडे वाकडी होतात. तरीही निर्वाहभत्ता किती, तो शिलिंगमध्ये मिळणार की भारतातल्या खात्यात, पहिला हप्ता कोणत्या तारखेला आणि घरभाडे त्यातच की वेगळे, हे सर्व निघण्याआधी ठरलेले असावे. पहिला हप्ता उशिरा येतो असे गृहीत धरून दीड-दोन महिन्यांचा खर्च भागेल इतके डॉलर जवळ ठेवावेत. नोटा नव्या मालिकेच्या, न दुमडलेल्या आणि शिक्का वा शाई न लागलेल्या घ्याव्यात. जुन्या नोटा तेथील दुकानदार परत करतात किंवा कमी दर देतात, आणि ५० व १०० डॉलरच्या नोटांना लहान नोटांपेक्षा चांगला दर मिळतो.

आजार, रस्ता आणि परत आणण्याची व्यवस्था

सुरक्षेच्या सत्रात बहुतेकांचे लक्ष साप, टोळीयुद्ध आणि दरोडे यांच्याकडे असते. प्रत्यक्षात स्वयंसेवकाला धोका असतो तो मलेरियाचा आणि रस्त्याचा.

मलेरिया युगांडात जवळपास सर्वत्र आणि वर्षभर असतो, आणि तो बहुतांशी फॅल्सिपॅरम प्रकारचा, म्हणजे काही दिवसांत जिवावर बेतू शकणारा असतो. प्रतिबंधक गोळ्यांची निवड आपल्या डॉक्टरशी बोलून करावी, पण तीही शेवटच्या दिवशी नव्हे. मेफ्लोक्वीन निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते आणि पूर्वी नैराश्य किंवा तत्सम त्रास झालेल्यांना ती देत नाहीत. डॉक्सिसायक्लिन एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यानंतर चार आठवडे चालू ठेवावी लागते. ती जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्याने घ्यावी, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, आणि तिच्यामुळे त्वचा उन्हाने लवकर भाजते हे लक्षात ठेवावे. गोळ्या चालू असल्या तरी मच्छरदाणी सुटत नाही. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर "मी युगांडात होतो" हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण आपल्याकडे पावसाळ्यातल्या तापाला डेंग्यू समजून तीन दिवस वाट पाहण्याची सवय आहे.

रस्त्याविषयी संस्थेचा नियम काय आहे ते विचारून घ्यावे. युगांडात बोडा-बोडा नावाच्या मोटारसायकल टॅक्सी गल्लोगल्ली असतात. केनियाच्या सीमेवर एका बाजूच्या "बॉर्डर"वरून दुसऱ्या बाजूच्या "बॉर्डर"पर्यंत माणसे पोचवण्यावरून हे नाव पडले. पुष्कळ संस्था आपल्या स्वयंसेवकांना बोडावर बसण्यास मनाई करतात, पण गावात दुसरे वाहनच नसेल तर तो नियम कागदावरच राहतो. परवानगी असेल तर येथूनच आयएसआय चिन्हाचे, आपल्या डोक्याच्या मापाचे पूर्ण हेल्मेट न्यावे. पुण्याहून निघणाऱ्यांनी हेल्मेटसक्तीवरचे आपले मत घरी ठेवून हेल्मेट तेवढे बरोबर घ्यावे. अंधार पडल्यावर शहराबाहेर प्रवास करू नये, हा नियम मी पाळण्यासारखा मानतो. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, ही त्यातल्या त्यात सोय.

व्हिक्टोरिया सरोवर पाहिल्यावर पाय बुडवण्याचा मोह होतो. काठाच्या उथळ पाण्यात शिस्टोसोमायसिस या रोगाचे जंतू असतात आणि ते त्वचेतून शरीरात शिरतात, त्यामुळे तो मोह टाळावा.

आता विम्याविषयी. पॉलिसीची प्रत हातात घेऊन दोन गोष्टी शोधाव्यात: वैद्यकीय कारणासाठी दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, आणि मोटारसायकलवरील अपघात वगळलेला आहे का. त्यानंतर संस्थेला विचारावे की रात्री दोन वाजता मी आजारी पडलो तर पहिला फोन कोणाला करायचा, आणि त्या माणसाने उचलला नाही तर दुसरा कोणाला. उत्तर "तिथे गेल्यावर सांगतील" असे आले तर शिबिराच्या समन्वयकाने तो क्रमांक मिळवून देईपर्यंत विषय सोडू नये. साथीच्या आजाराच्या प्रसंगी संस्था काय करते, हेही विचारण्याजोगे आहे. युगांडात इबोलाच्या साथी अनेकदा आल्या आहेत. २००० साली उत्तरेकडील गुलूमध्ये आलेल्या साथीत लाकोर रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मॅथ्यू लुक्विया रुग्णसेवा करतानाच संसर्ग होऊन गेले. त्या भागात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, आणि आरोग्य क्षेत्रात काम करायला जाणाऱ्याने ते माहीत करून घेऊन जावे.

तेथे तुम्ही कोण असाल

सांस्कृतिक सत्रात जेवण, पोशाख आणि सण यांवर बराच वेळ जातो. जेवणाची चिंता करण्याचे कारण नाही. मातोके म्हणजे शिजवलेली हिरवी केळी, मक्याच्या पिठाचा घट्ट पोशो, राजम्यासारख्या शेंगबिया आणि शेंगदाण्याचा रस्सा हे शाकाहारी माणसाला सहज मानवते, आणि चपाती तर तेथे रस्त्यावर मिळते. तिच्यात अंडे गुंडाळले की तिला "रोलेक्स" म्हणतात. खरा विषय वेगळा आहे आणि तो बहुधा कोणी काढत नाही, कारण शिबिराचा आराखडा युरोप-अमेरिकेतल्या स्वयंसेवकांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो.

गोऱ्या स्वयंसेवकाला तेथे "मुझुंगु" म्हणतात. तुम्हाला "मुयिंदी" म्हणतील, म्हणजे भारतीय, आणि या शब्दामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जी रेल्वे ब्रिटिशांनी बांधली, तिच्यासाठी भारतातून सुमारे ३२,००० मजूर नेले गेले. त्यांच्यामागून व्यापारी गेले, त्यांत गुजराती मोठ्या संख्येने होते, आणि गोव्याचे अनेक लोक सरकारी कचेऱ्यांत कारकून म्हणून काम करत. लुगाझी आणि काकिरा येथील साखर कारखाने भारतीय घराण्यांनी उभारले. ऑगस्ट १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली आणि दुकाने, घरे, कारखाने मागे ठेवून हजारो कुटुंबे निघून गेली. १९८६ नंतर राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांच्या काळात त्यांना परत बोलावले गेले, अनेकांना मालमत्ता परत मिळाल्या, आणि आज कंपालाच्या व्यापारात भारतीय पुन्हा ठळकपणे दिसतात.

याचा अर्थ असा की तुम्ही काही बोलण्याआधीच समोरच्याच्या मनात एक भारतीय असतो, आणि तो बहुधा गल्ल्यावर बसलेला मालक असतो. काहींच्या मनात त्याच्याविषयी आदर असतो, काहींच्या मनात कमी पगाराची आणि अपमानाची आठवण असते. मला एका सहकाऱ्याने दुसऱ्याच आठवड्यात विचारले होते की तुझे दुकान कोणत्या रस्त्यावर आहे. मी दुखावलो, आणि तसे दुखावणे चुकीचे होते. त्याच्या अनुभवात भारतीय माणूस दुकानाशिवाय आलेलाच नव्हता. शिबिरात या विषयावर एक तास मागून घ्यावा. कातडीच्या रंगाविषयी आपल्या घरांत जे सहज बोलले जाते, आफ्रिकी विद्यार्थ्यांना आपल्या शहरांत घर देताना जी टाळाटाळ होते, त्यांविषयी तेथे प्रश्न विचारले जातील, आणि "आमच्याकडे तसे काही नाही" हे उत्तर कोणी मानणार नाही.

भाषेची तयारी शेवटच्या दिवसांत दहा-बारा शब्दांपुरतीच करावी, पण ती पक्की करावी. कंपाला आणि आसपास लुगांडा चालते: पुरुषाला "सेबो", स्त्रीला "न्याबो", आभारासाठी "वेबाले". काम करत असलेल्या कोणालाही "ग्येबाले को" म्हणावे. तू करत असलेल्या कामाबद्दल धन्यवाद, असा त्याचा भाव आहे, आणि शेतात खुरपणाऱ्या बाईपासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांना ते चालते. उत्तरेला गुलूकडे अचोली बोलतात, तेथे "अप्वोयो" या एका शब्दावर अभिवादन आणि आभार दोन्ही निभावतात. स्वाहिली कानावर पडली तर हेसाबू, साबुनी, कलामू, दुनिया, हबारी असे शब्द ओळखीचे वाटतील. हिशेब, साबण, कलम, दुनिया आणि खबर यांचीच ती भावंडे आहेत. अभिवादन न करता थेट कामाचा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजतात, मग तो रस्ता विचारणे का असेना.

वेळेची एक गंमत आधी माहीत असलेली बरी. स्थानिक भाषांत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा "एक" वाजतो. इंग्रजीत बोलताना घड्याळाप्रमाणेच वेळ सांगितली जाते, पण लुगांडात "तीन वाजता" असे ठरले तर ती सकाळी नऊची भेट असते.

कायद्याच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांनी घालण्यास बंदी आहे, त्यामुळे तसली अर्धी पँट बॅगेतून काढावी. लष्करी ठाण्यांची आणि पोलिसांची छायाचित्रे काढू नयेत. समलैंगिक संबंधांविषयी २०२३ चा कायदा अतिशय कठोर आहे. ज्यांना त्याची झळ बसू शकते त्यांनी समन्वयकाशी खासगीत बोलून, सुरक्षित राहता येईल का, याचा निर्णय निघण्याआधी करावा. उत्तर युगांडात जाणाऱ्यांनी तेथे दोन दशके चाललेल्या आणि २००६ च्या सुमारास शमलेल्या युद्धाविषयी वाचून जावे. मात्र त्या युद्धात बंडखोरांनी बालपणी पळवून नेलेल्या लोकांना त्यांच्या कहाण्या विचारू नयेत. सांगायची असेल तर ते सांगतात.

घरची व्यवस्था

निघण्याआधीची एक संध्याकाळ घरच्यांसाठी राखावी, आणि ती पंगतीत घालवू नये. बँकेचे ओटीपी भारतीय सिमवर येतात, म्हणून त्या सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग येथूनच सुरू करून घ्यावे आणि ते वर्षभर जिवंत राहील असे रिचार्ज कोण करणार ते ठरवावे. कार्डावरील परदेशी व्यवहारांची सोय आपण स्वतः चालू केल्याशिवाय चालत नाही. ती बँकेच्या ॲपवरून चालू करून पाहावी. आईवडील एकटे राहणार असतील तर त्यांच्या आरोग्य विम्याची कागदपत्रे, नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक आणि रात्री धावून येऊ शकेल अशा शेजाऱ्याचे नाव एका कागदावर लिहून फ्रिजवर लावावे. घराचे किंवा जमिनीचे व्यवहार अडकलेले असतील तर विश्वासातल्या व्यक्तीच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करावे. सर्वाधिकार देण्याची गरज क्वचितच असते.

संपर्काविषयी घरच्यांशी स्पष्ट करार करावा. युगांडाची वेळ भारताच्या अडीच तास मागे आहे, त्यामुळे रोज रात्री नऊच्या फोनची अपेक्षा धरली तर तो तुमच्या कामाच्या शेवटच्या तासांत येतो. आठवड्यातून दोन वार ठरवावेत. तेथे फेसबुक जानेवारी २०२१ पासून रोखलेले आहे, आणि त्याच महिन्यातल्या निवडणुकीच्या वेळी देशभरचे इंटरनेट काही दिवस बंद होते. म्हणून चार दिवस संदेश आला नाही तर घाबरायचे नाही, आठव्या दिवशी संस्थेच्या अमुक व्यक्तीला फोन करायचा, असे आईवडिलांना तारीखवार सांगून ठेवावे. कंपालातील भारतीय उच्चायुक्तालयाचा क्रमांकही त्यांच्याकडे असावा. माझ्या आईने पहिल्या महिन्यात संस्थेच्या कार्यालयात इतके फोन केले की तेथील स्वागतिका तिला आवाजावरून ओळखू लागली.

सामान, थोडक्यात

हळद, डाळी, तांदूळ आणि प्रेशर कुकर कंपालात मिळतात, ते वाहून नेऊ नयेत. गोडा मसाला, मेतकूट आणि आमसुले न्यावीत. ती मिळणार नाहीत. वीजदाब आपल्यासारखाच आहे, पण सॉकेट तीन चपट्या पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे असते, त्यासाठी दोन अडॅप्टर घ्यावेत. वीज वारंवार जाते, म्हणून डोक्याला बांधायचा दिवा आणि पॉवर बँक हवी, आणि पॉवर बँक हातातल्याच सामानात ठेवावी लागते. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्यावीत. देश विषुववृत्तावर असला तरी उंचीवर असल्यामुळे रात्री गारवा असतो, तेव्हा एक स्वेटर असू द्यावा.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी आपली वही उघडून ज्या प्रश्नांपुढे उत्तर लिहिलेले नाही ते मोजावेत आणि त्या दिवशीच समन्वयकाला लेखी पाठवावेत. पासपोर्ट, पिवळी पुस्तिका, निमंत्रणपत्र, विम्याची प्रत आणि तेथे उतरवून घ्यायला येणाऱ्याचा क्रमांक हे सर्व एका पाकिटात घालून ते पाकीट हातातल्या पिशवीत ठेवावे, आणि त्याची दुसरी प्रत घरी राहणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी. एन्टेबे विमानतळावर आरोग्य तपासणीचे टेबल इमिग्रेशनच्या आधी येते, म्हणून पिवळी पुस्तिका सर्वांत वर असावी.